माशासाठी आणलेली कोलंबी

आमची घाटकोपरची जुनी इमारत पाडायला काढली, तेव्हा बिल्डरने हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं की थोडे दिवस भाड्याने राहा, मग पुढे सगळा स्वर्गच आहे. त्या स्वर्गाचं चित्रही त्याने गुळगुळीत कागदावर छापून दिलं. चित्रात नारळाची झाडं होती, पोहायचा तलाव होता आणि तलावाच्या कडेला एक गोरी बाई पुस्तक वाचत पडली होती. आमच्या इमारतीतली ही नेमकी कोण, यावर जिन्यात बरीच चर्चा झाली. स्वर्ग तयार होईपर्यंत राहायचं कुठे, ते चित्रात कुठेच दिसत नव्हतं.

दलाल ज्या ज्या दारात घेऊन गेला, तिथे पहिला प्रश्न ठरलेला होता. नॉनव्हेज खाता का? माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, आणि लग्नाआधी हा दोष माझ्यापासून लपवून ठेवण्यात आला होता. तो दरवेळी नम्रपणे म्हणायचा, "हो, पण फक्त मासे." जसं काही मासे झाडाला लागतात. दार बंद व्हायचं. सासूबाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, म्हणून आम्हाला लिफ्टची इमारत हवी होती. लिफ्टच्या इमारतींना आम्ही नको होतो, आणि ज्यांना आम्ही चाललो असतो त्यांच्याकडे लिफ्ट नव्हती.

शेवटी मागच्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट मिळाला. मालक त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायचे. सत्तरीचे, टापटीप, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गळ्यात तुळशीची माळ. बोलणं अगदी छापील. मूळचे वेंगुर्ल्याकडचे निघाले. सासूबाई मालवणच्या, त्यामुळे त्यांचा चेहरा एकदम खुलला. पण मालकांनी काही वर्षांपूर्वी एका महाराजांचा अनुग्रह घेतला होता, माळ घातली होती आणि मासे सोडले होते. स्वतः सोडले ते सोडले, आपल्या मालकीच्या सगळ्या भिंतींनाही सोडायला लावले होते. करारात तसं कलमच होतं. घरात मांस, मासे, अंडी आणायची नाहीत, शिजवायची नाहीत, खायची नाहीत.

"वाससुद्धा नको हो," ते म्हणाले. "वास भिंतीत बसतो."

खाली आल्यावर सासूबाईंनी आपलं मत दिलं. "आमच्या वाडीत एक माळकरी म्हातारो होतो. बांगडे इले काय माळ काढून खुंटीक लावी, पोटभर जेवी, चूळ भरून परत गळ्यात घाली. ह्या भाऊक कोणी खुंटी दाखवूक नाय वाटता."

नवऱ्याने सही केली. अकरा महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं तो म्हणाला. अकरा महिने मासे न खाणं त्याला अवघड नव्हतंच, कारण त्याचं ऑफिस अंधेरीला आहे आणि ऑफिसच्या खाली सुरमईची थाळी मिळते.

खरी गंमत पुढच्याच कलमात होती. तिथे मासा होता.

हॉलच्या भिंतीला लागून काचेची लांबलचक टाकी, आणि तिच्यात हातभर लांबीचा चंदेरी अरोवाना. चपटा, हनुवटीला दोन मिशा, चेहऱ्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीचा भाव. हा मालकांच्या मुलाचा. मुलगा कॅनडाला गेला, मासा राहिला. वर मालकांच्या घरात, देव्हाऱ्यासमोर, याला ठेवायची सोय नव्हती, कारण हे महाशय फक्त जिवंत मासे खायचे. म्हणून त्यांचा मुक्काम आमच्याकडे. कोपऱ्यावरच्या अ‍ॅक्वेरियमवाल्याचा माणूस पिशवीत गप्पी आणून द्यायचा आणि त्या आम्ही टाकीत सोडायच्या, अशी लेखी जबाबदारी आमच्यावर होती. म्हणजे त्या घरात एका सहीने बांधलेली तीन माणसं शाकाहारी, आणि सही न केलेला एक जण रोज ताजी मासळी खाणार. घराचा नियम मोडण्याची परवानगी फक्त घराच्या माशाला होती.

सासूबाई संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची ओढून बसायच्या. गप्पी पाण्यात पडल्या की अरोवाना जरा वेळ काहीच करायचा नाही. मग एकदम वळायचा आणि एक गप्पी कमी व्हायची. सासूबाई एकटक बघायच्या. एकदा त्या पुटपुटल्या, "खा रे बाबा, तू तरी खा." मी लॅपटॉपमधून मान वर केली नाही, पण मला ते लागलं.

मासे खाण्यातलं मला काय कळतं, असं कोणी विचारेल. मी नगरकडची. माझ्या माहेरी मासा म्हणजे बालभारतीतलं चित्र. लग्न होऊन आले तेव्हा पानात बांगडा बघून मी ताटावरून उठले होते. सासूबाई मला तेव्हा एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्यांनी मला नुसत्या कालवणाच्या रसावर आणलं, रसात काटा नसतो. मग सुंगटं, म्हणजे कोलंबी, तिलाही काटा नसतो. कोलंबीची सवय झाल्यावर पापलेट आणि मग, मी गाफील असताना, बांगडा. जबरदस्ती अजिबात नाही. त्यांनी फक्त मधल्या काळात दुसरं काही रांधलं नाही. वर्षभरात मी बांगड्याचं डोकं चोखायला लागले आणि माहेरच्यांनी माझ्यापुढे हात टेकले.

त्या बाई आता पानात दोडका घेऊन बसायच्या आणि भाताची शितं मोजल्यासारखी इकडून तिकडे करायच्या. तक्रार नाही. "माका भूक नाय गो," एवढंच. रविवारी नवऱ्याने त्यांना मोठ्या प्रेमाने हॉटेलात नेलं. त्यांनी कालवणात बोट बुडवून चाखलं, "नारळ पावडरीचो," असा निकाल दिला आणि दहीभात मागवला. ब्लाउज ढगळ झाले. खुर्चीतून उठताना पूर्वी गुडघे धरायच्या, आता भिंत धरायला लागल्या. मी हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, वय झालं यार." मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. वय झालेलं माणूस असं महिन्याभरात वाळत नाही. त्यांना त्यांचं जेवण मिळायला हवं होतं, आणि ते त्या घरात कधीच मिळणार नव्हतं.

अशात एक दिवस मालक खाली आले. चेहरा गंभीर. महाराजांच्या प्रवचनात असं आलं होतं म्हणे, की आपल्या छपराखाली होणाऱ्या हत्येचा वाटा आपल्याही खात्यावर जमा होतो. मालकांची झोप उडाली होती. रोज पिशवीभर गप्पी, म्हणजे खातं बरंच वाढलं असणार.

"याला दाण्यावर आणायचं," ते म्हणाले. "तयार दाणे मिळतात. मुलाला विचारलं मी, तो म्हणतो शिकतात हे. तुम्ही घरीच असता ना?"

घरून काम करणाऱ्या बाईला हे वाक्य दर दोन दिवसांनी ऐकायला मिळतं, तेव्हा मी हसले.

"दाणे खायला लागला की करार पुढचे अकरा महिने पक्का," ते म्हणाले. "नाहीतर मग बघू."

मुंबईतल्या घरमालकाचं ‘बघू’ म्हणजे काय, ते भाडेकरूला समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी सोबत आणलेलं दाण्यांचं पाकीट मी हातात घेतलं. मागे बारीक अक्षरात काय काय घातलंय ते दिलं होतं, आणि पहिलंच नाव माशांच्या पुडीचं होतं. मी ते त्यांना वाचून दाखवलं.

"पण डोळ्याला दिसत नाही ना," ते म्हणाले. हा मुद्दा मला मान्य करावा लागला.

अ‍ॅक्वेरियमवाल्याने पद्धत सांगितली. जिवंत खाणं एकदम बंद. पोटात कावळे ओरडू द्यायचे. मग सोललेल्या कोलंबीचे तुकडे द्यायचे, कारण मेलेलं खायला शिकणं ही पहिली पायरी. मग कोलंबीच्या पाण्यात भिजवलेले दाणे, आणि शेवटी कोरडे दाणे. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. काट्याशिवायचं आधी, मग हळूहळू पुढचं. ही शिकवणी त्यांनी पूर्वी एकदा घेतलेली होती.

"ह्येका मी शिकवतंय," त्या म्हणाल्या. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज तसा ऐकला.

अडचण एकच होती, कोलंबी. मालकांना फोन केला. मग ते स्वतःच खाली आले, हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या, माळेशी चाळा केला. "माशासाठीच आहे ना?" त्यांनी विचारलं. "मग ते अन्न नव्हे. ते औषध." औषधासाठी अटी ठरल्या. वेगळी सुरी, वेगळं भांडं, साफसफाई फक्त कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत, आणि सालं दोन पिशव्यांत बांधून लगेच खाली. मी सगळ्याला मान डोलावली. माझ्या मागे सासूबाई पायात चपला चढवत होत्या.

ज्या गुडघ्यांना पायपुसण्याची कड जड जायची, ते गुडघे त्या दिवशी बाजारापर्यंत चालत गेले आणि परत आले. पिशवीत कोलंबीचा एक पूर्ण वाटा होता. मी म्हटलं, "आई, त्याला दोन पुरतील."

"कोळणीकडे दोन सुंगटां मागूची? वाटो मोडून कोण देता? माका टोपलीत घालून मारीत ती."

हे खरंच होतं. मासळीच्या बाजारात कोणी दोन नग मागत नाही. मालकांनी एवढ्या अटी घातल्या, पण वाट्याचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. वेंगुर्ल्याच्या माणसाने हे विसरावं म्हणजे माळ बरीच घट्ट बसली असणार.

दोन कोलंब्या सोलून टाकीत पडल्या. अरोवानाने त्यांच्याकडे बघून तोंड फिरवलं. उरलेला वाटा बाल्कनीतल्या भांड्यात होता. सासूबाई अगदी निष्पाप आवाजात म्हणाल्या, "आता ह्येंचा काय करुचा?" मी म्हटलं, टाकून देऊ. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच उठून खिडक्या लावल्या. दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. देवापुढे धूप पेटवला, तो विझेल म्हणून दुसरा पेटवला. नारळ खवला, सोलं, म्हणजे कोकमं, भिजत टाकली, आणि सासूबाईंनी ओट्याला टेकून, मंद गॅसवर, चोरासारखं कालवण केलं.

त्या दिवशी त्या दोनदा भात घेऊन जेवल्या. ताट बोटांनी निपटलं. त्यांना तसं जेवताना बघून मी पाणी आणायचं निमित्त करून आत गेले. नवरा घरी आला, दारात थांबून त्याने दीर्घ श्वास घेतला, आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "धूप चांगला आहे." त्याच्या आयुष्यातलं पहिलं खोटं बोलणं माझ्या हजेरीत झालं याचा मला अभिमान आहे.

इकडे माशाने उपोषण मांडलं. कोलंबी टाकली की तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काचेला तोंड लावून बसायचा. तुकडे तळाशी जाऊन पांढरे पडायचे, ते मला जाळीने काढावे लागायचे. आठवडा उलटला तशी मला काळजी लागली. करार एकीकडे, पण कॅनडातल्या मुलाचा मासा आमच्या हातून मेला तर मालकांना तोंड कसं दाखवायचं? अ‍ॅक्वेरियमवाला शांत होता. "मॅडम, मरत नाही. नाटक करतो. घरात माणसं नाटक करत नाहीत का?"

सासूबाईंनी टाकीचं झाकण सरकवलं, स्टुलावर बसल्या आणि शेपटीला धरून एक कोलंबी पाण्याला टेकवली. हलवली. थांबल्या. परत हलवली. "सासरी इलेल्या चेडवासारखो रुसान बसलो हा," त्या मला म्हणाल्या आणि मग त्याच्याशी बोलायला लागल्या. कोलंबीत काटा नसतो, घशात टोचत नाही, एकदा चव तर बघ, आवडली नाही तर थुंकून टाक. हे सगळं मी पूर्वी शब्दन् शब्द ऐकलेलं होतं. मी लॅपटॉप बंद केला. अरोवाना सावकाश जवळ आला, मिशा पुढे केल्या, आणि पुढच्या क्षणी पाणी उसळून सासूबाईंच्या तोंडावर आलं. त्यांच्या बोटांत फक्त शेपटी उरली होती. त्या ओल्या चेहऱ्याने इतक्या हसल्या की मलाही आवरेना.

त्यानंतरचे दिवस सुखाचे गेले. मासा कोलंबीवर आला आणि आम्हीही आलो. मालक फोनवर विचारायचे, "काय म्हणतो?" मी सांगायची, "प्रगती आहे. भूक वाढली आहे त्याची." वाट्याचे दोन वाटे झाले. कोलंबीचं कालवण, कोलंबीभात, सुकं, डोक्यांचं सार, हे सगळं माशाच्या शिक्षणाच्या खर्चात बसत होतं. सासूबाईंच्या गालांवर मांस दिसायला लागलं. धुपाची पाकिटं इतकी संपायला लागली की वाण्याने मला एकदा विचारलं, घरी काही अनुष्ठान वगैरे चालू आहे का.

पण करार दाण्यांवर होता. आणि सासूबाईंना हातात घेतलेलं काम अर्धवट ठेवता येत नाही. त्यांनी दाणे कोलंबी धुतलेल्या पाण्यात भिजवले. अरोवानाने एक उचलला, चघळला आणि थुंकला. पुन्हा भिजवले, पुन्हा थुंकला. मग त्यांनी आपल्या साड्यांच्या बॅगेतून, अगदी तळातून, एक स्टीलचा डबा काढला. त्यात जवळा होता. सुकवलेली बारीक करंदी, जिला त्या गोलमो म्हणतात. करार झाल्या दिवसापासून तो डबा त्या बॅगेत होता आणि मला पत्ता नव्हता. त्यांनी मूठभर जवळा तव्यावर कोरडा भाजला, पूड केली, दाण्यांची बरणी घेतली, पूड आत ओतली, झाकण लावून खळखळ हलवली आणि दोन दिवस तशीच ठेवून दिली.

तिसऱ्या दिवशी त्यातले दाणे पाण्यावर टाकले. अरोवाना आला, एक गिळला. दुसरा गिळला. मग सगळे.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आनंद व्हायला हवा होता. अकरा महिन्यांचं छप्पर पक्कं झालं होतं. पण मासा दाणे खातो म्हटल्यावर औषध बंद, आणि औषध बंद म्हणजे पुन्हा दोडका. सासूबाईंनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. "कोणाक सांगा नको," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मालकांना मिळणारं उत्तर एकच. "अगदी येतोय हो दाण्यावर. आज-उद्यात." नवऱ्याची तगमग व्हायची. लिफ्टमध्ये मालक भेटतील म्हणून तो तीन मजले चढून यायला लागला. खोटं बोलण्याचा व्यायाम असाही होतो.

एका दुपारी मी कामाच्या फोनवर होते आणि सासूबाई आत पडल्या होत्या. बेल वाजली, मी फोन कानाला लावूनच दार उघडलं. मालक आत आले, थेट टाकीपाशी गेले, बरणी उचलली आणि चिमूटभर दाणे पाण्यात टाकले. मी हातवारे करेपर्यंत अरोवानाने सगळे साफ केले होते आणि तोंड वर करून आणखी मागत होता.

मालकांनी हात जोडले. खरंच जोडले. मग कॅनडाला व्हिडिओ कॉल लावून मुलाला दाखवलं. तिकडे पहाट असावी, मुलगा उशीतूनच "वॉव पप्पा" म्हणाला. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले, डोळ्यांत पाणी. "बघा. मनावर घेतलं की सगळं सुटतं. मी नाही का सोडलं? आता त्या कोलंबीची गरज नाही. ताईंचे कष्ट वाचले."

सासूबाई भिंतीला धरून दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ह्येका जमला, भाऊ," त्या म्हणाल्या. "माका जमाचा नाय."

"म्हणजे?"

"सुंगटां तुमच्या माशान थोडी खाल्ली. बाकीची मी खाल्लंय. हय शिजवून."

मी फोन कट केला. मालकांचा चेहरा मिटला. बरीच वर्षं चिकटून बसलेलं झाकण असतं तसा. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, की करारात लिहिलेलं आहे, मुदत संपेपर्यंत राहा, पुढे मात्र... आणि मुदत संपेपर्यंत नियम पाळा. जाताना त्यांनी बरणी जागच्या जागी ठेवली.

संध्याकाळी सासूबाईंनी मुलाला समोर बसवलं. "माझ्यासाठी लिफ्ट शोधू नको. चूल शोध," एवढंच म्हणाल्या. नवऱ्याने त्या रात्रीच शोध सुरू केला आणि त्याला एक मोठा शोध लागला, की तळमजल्याच्या घराला लिफ्ट लागत नाही. इंजिनिअर आहे तो.

चारकोपला एका सेक्टरमध्ये बैठं घर मिळालं. दार उघडलं की रस्ता. घरमालकीण बाईने आम्हाला एकच प्रश्न विचारला, पाणी सकाळी येतं, चालेल का? पहिल्याच आठवड्यात मनोरीची एक कोळीण टोपली घेऊन दारात आली. तिने सासूबाईंना "आये" म्हटलं, सासूबाईंनी तिच्या बोंबलांना नावं ठेवली, आणि दोघींचं जन्माचं जमलं. आता सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहतात, भिंत न धरता. घरात खिडक्या उघड्या असतात. धुपाचं एक पाकीट महिना महिना पुरतं.

जाताना आम्ही दाण्यांची बरणी टाकीपाशीच ठेवून आलो होतो. सासूबाईंनी ती आदल्या दिवशी पुन्हा जवळ्याची पूड घालून काठोकाठ भरली होती. माशाचा काय दोष, त्या म्हणाल्या.

दोनेक महिन्यांनी मालकांचा फोन आला. मासा खात नाही. नवं पाकीट आणलं, तेच दाणे, तीच कंपनी, पण तोंडात घेतो आणि थुंकतो. बारीक झाला आहे. मुलगा रोज विचारतो. मी काही सांगायच्या आत ते म्हणाले, "मी येतो तिकडे."

घाटकोपरहून चारकोपला, एवढ्या उन्हात, पांढऱ्या शर्टातले ते दारात उभे राहिले तेव्हा हातात ती रिकामी बरणी होती. आत बांगड्याचं कालवण उकळत होतं. मी ओशाळून पदराने वारा घातल्यासारखं केलं, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. सासूबाई बाहेर आल्या. मालकांनी बरणी पुढे केली आणि त्यांची ती छापील भाषा कुठेतरी गेली.

"ह्येच्यात काय घालीस गो तू?"

"गोलमो," सासूबाई म्हणाल्या. "भाजून."

"वाटलाच माका." त्यांनी रिकाम्या बरणीचं झाकण काढलं, नाकाजवळ धरलं आणि डोळे मिटले. जरा जास्तच वेळ. मग आम्हा दोघींकडे न बघता म्हणाले, "तुमचो वास वर सहाव्यापर्यंत येय. मी खिडकी उघडी ठेवी."

इतके दिवस ओले टॉवेल कोंबले, धूप जाळले, आणि हा माणूस वर खिडकी उघडून उभा. त्यांच्यावर करून ठेवलेले माझे सगळे विनोद त्या क्षणी मला नकोसे झाले.

"दाराच्या मागे खुंटी आसा, भाऊ," सासूबाई म्हणाल्या.

ते हसले. हसताना हात माळेकडे गेला आणि तिथेच राहिला. "नाय गो," ते म्हणाले. "दिलेलो शब्द हा." सासूबाईंनी आग्रह केला नाही. पाणी दिलं, गूळ दिला, बरणी जवळ्याच्या पुडीने भरून दिली आणि दाण्यांत किती मिसळायचं ते सांगितलं. एक चमचा, जास्त नाही, एवढ्यात मासा वर्षभर जेवेल.

पुढच्याच महिन्यात बरणी परत आली, रिकामी, धुऊन पुसून. सोबत निरोप होता की अरोवाना छान खातोय आणि त्याला पूड जास्त लागते. सासूबाईंनी भरून पाठवली. ती पंधरवड्यात रिकामी आली. मी त्यांना म्हटलं, "आई, एक मासा एवढा जवळा खाणं शक्य नाही."

"मोठो मासो तो," त्या म्हणाल्या. त्यांनी बरणी काठोकाठ भरली. मग फळीवरचा दुसरा डबा काढला, त्यातली मूठभर सोलं कागदात बांधली आणि पुडी बरणीसोबत पिशवीत ठेवली. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"माशाक वायच आंबट लागता," त्या म्हणाल्या आणि पिशवीला गाठ मारली.